किडनी प्रत्यारोपणानंतरचा थकवा : कारणे, दिनक्रम आणि घरच्यांची जबाबदारी

किडनी बदलली, डायलिसिस सुटले, क्रिएटिनिन खाली आले. घरात शुक्राना अदा झाला, नातेवाईकांनी मिठाई वाटली. आता माणूस उठेल, दुकानावर बसेल, स्वयंपाकघर सांभाळेल असे सगळ्यांना वाटते. पण दोन-तीन महिने झाले तरी तो दुपारी चारला आडवा पडलेला असतो, जिना चढला की बसून घेतो, पाहुणे आले की आतल्या खोलीत निघून जातो. मग कुजबुज सुरू होते. "ऑपरेशन तर झालं ना, मग आता काय?" "अल्लाहने नवी जिंदगी दिली, तरी तोंड पडलेलंच." कुणी आळशी म्हणते, कुणी नाशुक्री म्हणते.

हा लेख त्या थकव्याबद्दल आहे. प्रत्यारोपणानंतरचा थकवा खरा असतो आणि बऱ्याच वेळा त्याचे कारण सापडते. सापडलेल्या कारणावर बहुतेक वेळा उपायही असतो. पण त्यासाठी तो डॉक्टरांच्या कानावर जायला हवा, आणि घरच्यांनी त्याला आळस म्हणणे सोडायला हवे. आम्ही डॉक्टर नाही, शिक्षक आहोत. कुटुंबांना उपयोगी पडेल अशी माहिती इथे एका जागी मांडत आहोत. हे वाचून औषधाचा डोस कुणीही स्वतःच्या मनाने बदलू नये.

थोडी पार्श्वभूमी

किडनीचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण १९५४ मध्ये अमेरिकेत बोस्टन इथे झाले. देणारा आणि घेणारा जुळे भाऊ होते, म्हणून शरीराने नवा अवयव नाकारला नाही. भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९७१ मध्ये हे ऑपरेशन यशस्वी झाले. जुळे नसलेल्या माणसाचा अवयव टिकवण्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे लागतात. १९८० च्या दशकात सायक्लोस्पोरिन आले आणि परिस्थिती बरीच सुधारली. आज बहुतेक रुग्णांना टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन अशा तीन गोळ्या मिळून दिल्या जातात. नवी किडनी चालते आहे तोवर ही औषधे चालू ठेवावी लागतात.

नवी किडनी जुनीच्या जागी बसवत नाहीत. ती पोटाच्या खालच्या भागात, पुढच्या बाजूला, उजवीकडे किंवा डावीकडे बसवतात. जुन्या किडन्या सहसा आतच राहतात. म्हणजे नवा अवयव बरगड्यांच्या आड नसतो. त्या जागी धक्का किंवा मार लागू नये म्हणून जपावे लागते.

थकवा कशामुळे येतो

डायलिसिसच्या दिवसांत थकव्याला उघड कारण होते. आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास मशीनवर बसून आलेला माणूस झोपला तर कुणी काही बोलत नसे. प्रत्यारोपणानंतर मशीन दिसत नाही, फिस्टुलाच्या हातावर पट्टी दिसत नाही, आणि थकवा मात्र उरतो. वेगवेगळ्या पाहण्यांत निम्म्याच्या आसपास रुग्णांनी असा थकवा सांगितला आहे. त्याची मुख्य कारणे अशी :

रक्त कमी असणे. रक्त तयार करण्याचा इशारा देणारे एरिथ्रोपोएटिन हे हार्मोन किडनीतच बनते. नवी किडनी ते बनवू लागते, पण हिमोग्लोबिन वर यायला काही आठवडे ते महिने जातात. त्यात लोह कमी असेल किंवा मायकोफेनोलेट, व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर, कोट्रायमोक्साझोल यांसारख्या औषधांनी रक्तपेशी घटल्या असतील तर थकवा वाढतो. साध्या रक्त तपासणीत हे कळते.

झोप तुटणे. ज्यांची लघवी डायलिसिसच्या काळात जवळपास बंद झाली होती, त्यांचे मूत्राशय लहान झालेले असते. आता लघवी भरपूर होते, पण साठवायला जागा कमी. रात्री चार-पाचदा उठावे लागते. मूत्रनलिकेत ठेवलेला स्टेंट काढेपर्यंत जळजळ आणि घाईही असते. मूत्राशयाची क्षमता हळूहळू वाढते. त्यावर प्रेडनिसोलोनने झोप उडते, म्हणून ती गोळी सकाळी खाऊन झाल्यावर घ्यायला सांगतात.

स्नायू अशक्त होणे. आजाराच्या वर्षांत मांड्या आणि दंड बारीक झालेले असतात. स्टेरॉइडमुळेही मांडीचे स्नायू कमजोर होतात. खुर्चीवरून उठताना, सजद्यातून उभे राहताना, जिना चढताना ते जाणवते.

साखर वाढणे. टॅक्रोलिमस आणि स्टेरॉइड या दोन्हींमुळे आधी नसलेला मधुमेह होऊ शकतो. तहान, वारंवार लघवी आणि गळून गेल्यासारखे वाटणे ही त्याची खूण. मात्र किडनीच्या रुग्णाला भरपूर पाणी प्यायला सांगितलेले असल्याने ही खूण सहज नजरेतून सुटते.

जंतुसंसर्ग. सीएमव्ही नावाचा विषाणू काही वेळा फक्त थकवा, मंद ताप आणि भूक मंदावणे एवढ्यावरच दिसतो. आपल्या देशात क्षयरोगही लक्षात ठेवायला हवा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे यातले काही असेल तर लगेच सांगावे.

अवयव नाकारला जाण्याची सुरुवात. थकव्याबरोबर लघवी कमी होणे, पाय किंवा चेहरा सुजणे, एक-दोन दिवसांत वजन एकदम वाढणे, नव्या किडनीच्या जागी दुखणे किंवा १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर ताप असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नये. त्याच दिवशी हॉस्पिटलला फोन करावा.

मनाचा भार. किडनी आईने, बायकोने, भावाने दिलेली असते. "माझ्यामुळे तिचं पोट कापलं" हा विचार माणसाला आतून खातो. प्रत्येक रिपोर्टच्या आदल्या रात्री भीती असते. उदासी हेसुद्धा थकव्याचे मोठे कारण आहे आणि तिच्यावर उपचार आहेत. दुआ आणि सब्र हवेतच. त्यांच्याबरोबर मानसोपचाराचा सल्ला घेण्यात काही वावगे नाही. मात्र झोपेची किंवा उदासीची गोळी प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना विचारूनच सुरू करावी.

याखेरीज थायरॉइड, रक्तदाबाच्या काही गोळ्या, ड जीवनसत्त्वाची कमतरता आणि हृदयाचा त्रास हीही कारणे असू शकतात. म्हणून डॉक्टरांसमोर "थोडं अशक्त वाटतं" एवढ्यावर थांबू नये. केव्हापासून, दिवसाच्या कोणत्या वेळी, काय केल्यावर, हे सांगावे.

थकव्याची नोंदवही

शाळेत आम्ही मुलांची प्रगती रोज थोडी थोडी लिहून ठेवतो, कारण महिन्याच्या शेवटी आठवणीवर काही सांगता येत नाही. इथेही तेच. वजन, रक्तदाब, ताप आणि लघवी लिहिण्यासाठी हॉस्पिटलने वही दिलेलीच असते. त्यात आणखी एक रकाना करावा. सकाळ, दुपार, रात्र अशा तीन वेळा थकव्याला शून्य ते दहा असे गुण द्यावेत. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे उठवत नाही. बाजूला दोन शब्द लिहावेत : "रात्री पाचदा उठलो", "बाजारात गेलो", "जुलाब". दोन आठवड्यांची अशी वही डॉक्टरांच्या हातात दिली तर कारण शोधणे सोपे जाते.

दिवस कसा लावावा

ऑपरेशननंतरचे पहिले सहा ते आठ आठवडे जखम भरण्याचे असतात. या काळात साधारण पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलायचे नसते. घरातल्या बाईच्या बाबतीत हा नियम सर्वात आधी मोडतो. पाण्याने भरलेला हंडा, गव्हाचा डबा, ओल्या चादरींची बादली, कडेवरचे मूल यांतले काहीही पाच किलोच्या आत बसत नाही. गॅसचा भरलेला सिलेंडर तर तीस किलोच्या आसपास जातो. सून आहे म्हणून तिला लवकर चुलीपाशी उभे करू नये. तिच्या वाटचे काम आधीच कुणाच्या तरी नावावर लावून ठेवावे.

चालणे हा थकव्यावरचा सर्वात सोपा इलाज आहे. सुरुवात घरातल्या घरात पाच-दहा मिनिटांनी करावी आणि दर आठवड्याला थोडी वाढ करावी. पूर्ण आराम केला तर स्नायू आणखी ढिले पडतात. उलट, चांगला दिवस उगवला म्हणून त्याच दिवशी बँक, बाजार आणि फुफीचे घर असे सगळे उरकले तर पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. चांगल्या दिवशीही हात राखून काम करावे. रक्त तपासणीच्या दिवशी पहाटे उठणे, प्रवास आणि रांग एवढेच पुरेसे असते, दुसरे काही ठरवू नये.

दुपारी कैलुला जरूर करावा, पण वीस-तीस मिनिटांचा. दोन-तीन तास झोपल्यास रात्रीची झोप जाते. रात्री लघवीसाठी उठणे कमी व्हावे म्हणून दिवसभराच्या पाण्यातले जास्त पाणी मगरिबच्या आधी प्यावे. किती प्यायचे ते डॉक्टर सांगतात. कित्येकांना दिवसाला अडीच-तीन लिटर सांगितलेले असते. वर्षानुवर्षे कप मोजून पाणी प्यायलेल्या माणसाला एवढे पाणी पिणे हेच मोठे काम वाटते. बाटल्या भरून समोर ठेवल्या तर बरे पडते.

बैठे काम असणारे बरेच रुग्ण दोन-तीन महिन्यांत कामावर परततात. मजुरी, हमाली, ड्रायव्हिंग यांना जास्त वेळ लागतो. शक्य असेल तर पहिला महिना अर्धा दिवस काम करावे.

औषधांची वेळ घड्याळावर

टॅक्रोलिमसचे नेहमीचे डोस बारा तासांच्या अंतराने असतात. आपल्या घरांत "फजरनंतर" आणि "इशानंतर" असा हिशेब सोयीचा वाटतो, पण नमाजच्या वेळा वर्षभर सरकत राहतात आणि त्याबरोबर गोळीचे अंतरही सरकते. त्यामुळे नऊ आणि नऊ किंवा आठ आणि आठ अशी घड्याळाची वेळ पकडावी आणि मोबाइलवर अलार्म लावावा. जेवणाशी अंतर रोज सारखे ठेवावे. रक्तातली पातळी तपासायची असेल त्या सकाळी गोळी सोबत न्यावी आणि रक्त दिल्यावर घ्यावी. आधी घेतली तर रिपोर्ट चुकीचा येतो.

जुलाब लागले की टॅक्रोलिमसची पातळी वाढू शकते, म्हणून जुलाब किंवा उलट्या झाल्या तर कळवावे. डोस चुकला तर दुप्पट घेऊ नये, फोन करून विचारावे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या किडनीला घातक आहेत. दुकानदाराने दिल्या तरी नको. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल आणि क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन यांनीही पातळी वर-खाली होते. म्हणून दाताच्या डॉक्टरकडे गेलात तरी आधी प्रत्यारोपणाचे सांगा.

पपनस आणि त्याच जातीचे ग्रेपफ्रूट खाऊ नये. त्यामुळे औषधाची पातळी वाढते. कोकणातल्या परसात पपनसाचे झाड असते म्हणून हे मुद्दाम सांगतो. कलौंजी, माजून, काढे, ताकदीच्या पुड्या प्रेमाने आणून दिल्या जातात. मूठभर औषधांवर चालणाऱ्या शरीरात त्यांचा काय परिणाम होईल हे घरी बसून ठरवता येत नाही. डॉक्टरांना न विचारता काहीही सुरू करू नये. हिजामातही त्वचेला छेद देतात आणि जंतूंना वाट मिळते, त्यामुळे त्याबाबतही आधी विचारावे.

नमाज, रोजा आणि सफर

ऑपरेशननंतर रुकू-सजदा करताना टाक्यांवर ताण येतो. आजाऱ्याला बसून किंवा इशाऱ्याने नमाज पढण्याची सवलत आहे, ती घ्यावी. ड्रेसिंगला पाणी लावू नका असे सांगितले असेल तर मसह किंवा तयम्मुमचा मसला आपल्या इमाम साहेबांना विचारावा. मशिदीच्या गर्दीत जाण्याबाबत पहिल्या काही महिन्यांत डॉक्टर सांगतील तसे वागावे.

रोजाबद्दल सर्वात जास्त विचारले जाते. आपल्याकडे रोजा बारा तासांपेक्षा मोठा असतो, उन्हाळ्यात चौदा तासांच्याही वर जातो. सहरी-इफ्तारला गोळ्या घेतल्या तर दिवसाचे अंतर लांबते आणि रात्रीचे आखडते. शिवाय पाणी कमी पडले की क्रिएटिनिन वाढू शकते. पहिल्या वर्षात रोजे ठेवू नयेत असे बहुतेक तज्ज्ञ सांगतात. त्यानंतर किडनी अगदी स्थिर असलेल्या काही रुग्णांना डॉक्टर तपासून परवानगी देतात, काहींना कधीच देत नाहीत. सूरह बकराच्या १८४ आणि १८५ व्या आयतींत आजाऱ्याला सवलत आली आहे. कजा की फिदया हे डॉक्टरांचा निर्णय हातात घेऊन मुफ्ती साहेबांना विचारावे. रोजा सोडलेल्या माणसाला अपराधी वाटेल असे घरात कुणी बोलू नये. त्याच्यासाठी दुपारचे जेवण निमूटपणे वाढून ठेवावे.

उमराह किंवा हजचा इरादा असेल तर पहिले वर्ष जाऊ द्यावे आणि मग डॉक्टरांशी बोलावे. मेंदूज्वराची जी लस तिथे लागते ती जिवंत जंतूंची नसते. गोवर किंवा कांजिण्यांच्या जिवंत लसी मात्र या रुग्णांना देत नाहीत. औषधे आणि चिठ्ठी नेहमी हातातल्या बॅगेत ठेवावी, सामानात टाकू नये.

दावत, अयादत आणि घरातली स्वच्छता

अयादत ही सुन्नत आहे, पण प्रत्यारोपणाच्या रुग्णाची अयादत थोडक्यात करावी. सर्दी-खोकला असेल तर फोनवर दुआ द्यावी. ईदला गळाभेटीऐवजी लांबूनच सलाम करावा, रुग्णाचा त्यात अपमान नाही. दावतीत अर्धे कच्चे कबाब, कापून ठेवलेली फळे, बाहेरच्या बर्फाचे सरबत, उघड्यावरची चटणी टाळावी. गरम, पूर्ण शिजलेले, ताजे अन्न खावे. बकरी ईदला कच्चे मांस धुण्या-कापण्याचे काम दुसऱ्याने करावे. कबुतरांची विष्ठा साफ करणे आणि मांजराची घाण काढणेही दुसऱ्याकडे द्यावे.

लग्न झालेल्या मुलींसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मायकोफेनोलेटमुळे गर्भात दोष येऊ शकतो. निदान एक वर्ष थांबून, डॉक्टरांनी औषध बदलून दिल्यावरच गर्भधारणेचा विचार करावा. सासरकडून घाई होता कामा नये.

मूल शाळेत परतताना

प्रत्यारोपण झालेले मूल वर्गात परतते तेव्हा स्टेरॉइडमुळे त्याचा चेहरा गोल झालेला असतो. मुले चिडवतात. वर्गशिक्षकांना आधी भेटून सगळे सांगावे. बाकावर पाण्याची बाटली ठेवायची आणि न विचारता लघवीला जायची मुभा मागून घ्यावी. कबड्डी आणि कुस्ती नको, चालणे आणि हलके खेळ चालतील. वर्गात कुणाला कांजिण्या किंवा गोवर झाल्यास त्याच दिवशी पालकांना कळवा, असे शाळेला लेखी द्यावे. शेवटच्या तासाला मूल डोके टेकून बसले तर ते थकलेले आहे, त्याचे लक्ष उडालेले नाही.

देणाराही थकतो

भारतात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत स्त्रिया पुरुषांपेक्षा बऱ्याच जास्त आहेत. आई देते, बायको देते. चार-पाच दिवसांत ती घरी येते आणि रुग्णाचे पथ्य, गोळ्या, पाहुणे सगळे तिच्याच अंगावर पडते. तिचेही मोठे ऑपरेशन झालेले असते. तिला निदान चार ते सहा आठवडे विश्रांती हवी, जड उचलणे नको, आणि पुढे दरवर्षी रक्तदाब, लघवी व क्रिएटिनिनची तपासणी हवी. ज्या घरात तिची फाइल कपाटात हरवलेली असेल, तिथे ती आजच शोधून काढावी.

मोहल्ल्यासाठी

आपल्या मोहल्ल्यात ऑपरेशनसाठी चंदा जमतो, जकातचे पैसे येतात, लोक रात्र रात्र धावतात. सहा महिन्यांनी मात्र दरमहा लागणाऱ्या गोळ्या, रक्त तपासण्या आणि हॉस्पिटलला जायचे भाडे याची आठवण कुणाला राहत नाही. घरचा कमावता माणूस अजून पूर्ण कामावर गेलेला नसतो. मग तो एक दिवसाआड गोळी घेतो आणि कुणाला सांगत नाही. अशा चुकलेल्या गोळ्यांनी लाखो रुपयांची आणि कुणाच्या तरी शरीरातून आलेली किडनी वाया जाते. ज्या बैतुलमालने किंवा कमिटीने ऑपरेशनला हात दिला, तिने त्याच वहीत दरमहाच्या औषधांचे पान उघडावे. आणि औषध परवडत नसेल तर रुग्णाने गोळी कमी करण्याआधी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जावे. सरकारी योजना, ट्रस्ट, स्वस्त पर्यायी कंपनीची गोळी यांची माहिती तिथे मिळते. गोळीची कंपनीही डॉक्टरांना विचारूनच बदलावी, कारण त्यानंतर रक्तातली पातळी पुन्हा तपासावी लागते.

पुढच्या तपासणीला जाताना एवढे विचारा

माझे हिमोग्लोबिन आणि लोह किती आहे? साखर तपासली का? टॅक्रोलिमसची पातळी ठीक आहे का? झोप येत नाही, गोळीची वेळ बदलता येईल का? मी किती चालू, किती वजन उचलू? थकवा वहीत लिहिला आहे, तो आपण पाहाल का?

हे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि बरोबर घरचे एक माणूस न्यावे. थकलेल्या माणसाला डॉक्टरांसमोर अर्धे आठवत नाही, उरलेले अर्धे त्या माणसाने विचारावे.